पृथ्वी पालमला थंड झाली, त्याची हकीगत

तमाम नागरिकांस अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चार ते साडेपाचच्या दरम्यान, परभणी जिल्ह्यातल्या पालम गावापुरती पृथ्वी तापायची थांबली होती. उत्तर ध्रुवावरचा बर्फ जागच्या जागी गोठला, समुद्र मुकाट्यानं आपल्या जुन्या पातळीला गेले, आणि शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये घामानं निथळत बसलेल्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवून या घटनेला मंजुरी दिली. हे काम मी एकट्यानं केलं. देशहितासाठी केलं, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत असे. आता केस पिकायला लागलेत, खरं सांगायला हरकत नाही. मी ते निव्वळ जळून केलं.

तेव्हा मी पालमजवळच्या एका सरकारी बीज-फार्मावर कृषी सहायक होतो. फार्माच्या एका कोपऱ्यात, तारेच्या कुंपणात, चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा. हवा आत खेळायची, पण ऊन आत शिरायचं नाही. आत तापमापकं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा जाऊन पारा बघायचा, रजिस्टरात लिहायचा, आणि आठवड्याला त्याची नक्कल पोस्टानं वरच्या ऑफिसला पाठवायची. वरून कधी उत्तर आलं नाही. याचा अर्थ माझं काम चोख आहे, असा मी लावला होता.

गावातले लोक त्या पेटीला कबुतरखाना म्हणत. ‘‘साहेब, कबुतरं कवा आणणार?’’ असं मला पहिली दोन वर्षं विचारलं जाई. मग लोकांनी आशा सोडली.

मला मात्र त्या पेटीनं सुख दिलं. मी पान खाणारा माणूस. विड्याची पानं आठवडी बाजारातून आणायची, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती दोन दिवसांत कागदासारखी कुरकुरायची. आमच्या क्वार्टरवर पत्रे. घरात ठेवली तर पानांची भाजीच व्हायची. सबंध शिवारात दुपारी दोन वाजता गार सावली आणि खेळती हवा कुठं असेल, तर ती त्या पेटीत. बायको सकाळी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची, मी ते फडकं पेटीच्या दाराच्या आतल्या खिळ्याला टांगायचो. त्या खिळ्यावर आधीच इंग्रजी सूचनांचा एक कागद लावलेला होता, तो त्यामुळे उडूनही जात नसे. पुढं ताकाचं एक लहानसं गाडगं आलं. मग एकदा बायको म्हणाली, ‘‘तुमची पानं ऱ्हातेत तर माझा गजरा न्हाई का ऱ्हायचा?’’ तेव्हापासून मोगऱ्याचा गजराही दिवसभर सरकारी सावलीत राहू लागला. संध्याकाळी तो तिच्या अंबाड्यात अशा टवटवीत रूपात यायचा, की शेजारच्या कंपाउंडर-बाई कुठल्या बाजारातून आणता म्हणून विचारायच्या.

असा माझा सुखाचा संसार चालू असताना पालमच्या शाळेत भूगोलाचे सर बदलून आले.

सर परभणीचे. उंच, सडपातळ, बिनकॉलरचा पांढरा झब्बा, आणि आवाज असा की हजेरी घेतली तरी पोरं ऐकत राहावीत. त्यांच्याकडे एस.टी.नं एक दिवस उशिरा इंग्रजी पेपर यायचा. त्यातली कात्रणं ते वहीत चिकटवत. वहीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘पृथ्वीचा ताप’. माणसाचं अक्षरही इतकं चांगलं असू नये.

आल्यावर दोनच महिन्यांत गावातल्या वाचनालयानं त्यांचं व्याख्यान ठेवलं. ‘उत्तर ध्रुवावरचा बर्फ आणि आपण.’ मला हसू आलं. पालममध्ये निम्म्या लोकांनी समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. गोदावरीला पूर आला की तेवढंच काय ते अफाट पाणी. मी बायकोला म्हटलं, ‘‘जाऊन ये, झोप चांगली लागेल.’’ मला त्या दिवशी फार्मावर बियाण्याच्या पोत्यांची मोजदाद होती.

ती परत आली तीच मुळी वेगळी होऊन. चपला काढायच्या आधी बोलायला लागली. सरांनी परभणीच्या कारखान्यातून बर्फाची लादी पोत्यात, भुशात घालून एस.टी.नं आणली होती. पालमला पोचेपर्यंत निम्मीच उरली. ती त्यांनी पाण्यानं भरलेल्या परातीत सोडली आणि कडेला जिथवर पाणी आलं होतं तिथं खडूनं रेघ मारली. तासाभरानं बर्फ सगळा वितळला, तरी पाणी रेघेवरच.

‘‘मग लोक म्हणाले, काही बिघडलंच न्हाई की! तर सर म्हणले, पाणी वाढतं ते जमिनीवरचा बर्फ वितळून. समुद्रावरचा बर्फ गेला, तर बिघडतं ते उन्हाचं.’’

‘‘उन्हाचं काय बिघडतं?’’ मी विचारलं. मी कृषी पदविकाधारक. ऊन हे माझं खातं.

‘‘अवो, बर्फ पांढरा असतो. त्यो ऊन माघारी पाठवतो. बर्फ गेला की खालचं काळं पाणी उघडं पडतं, ते ऊन पिऊन घेतं. मग अजून तापतं, मग अजून बर्फ वितळतो. सरांनी पितळेची पांढरी कल्हई केलेली ताटली आन् काळा तवा शेजारी शेजारी उन्हात ठिवले होते. एका म्हाताऱ्या काकांनी तव्याला बोट लावलं तर, आयो, असा हात झटकला!’’

‘‘तवा कुणाचा होता?’’ मी सहज विचारलं.

‘‘आपला. मीच दिला.’’

त्या रात्री आम्ही भाकरीऐवजी खिचडी खाल्ली. तवा सरांच्याकडेच राहिला होता.

मला बर्फाचं काही वाटलं नाही. तव्याचंही फार नाही. मला लागलं ते वेगळंच. बोलता बोलता तिनं नक्कल करून दाखवलं, की सरांचं ऐकताना बाया कशा बसल्या होत्या. तिनं उजव्या हाताची मूठ केली आणि हनुवटीखाली टेकवली, डोळे थोडे मोठे केले. मी ती मुद्रा पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मी तिला माझं शिक्षण, माझ्या बदल्या, माझ्या साहेबांचा अन्याय, कापसावरची बोंडअळी, सगळं सांगितलं होतं. ऐकताना ती नेहमी काहीतरी निवडत असायची. तांदूळ, नाहीतर मेथी. हनुवटीला हात लावून माझं बोलणं तिनं अकरा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात एकच ध्येय उरलं. त्या बाईचा हात तिच्या हनुवटीखाली जायला हवा, आणि समोर बोलणारा मी हवा.

मी प्रयत्न सुरू केले. संध्याकाळी घरी आल्यावर गंभीर आवाजात म्हणायचो, ‘‘आज हवेतली आर्द्रता फार कमी होती.’’

‘‘मग दोरीवरची चादर काढा, वाळली असंल.’’

दुसऱ्या दिवशी: ‘‘वारा आज वायव्येकडून वाहत होता.’’

‘‘म्हणूनच चुलीचा धूर घरात येयलाय.’’

तिच्या तोंडी रोज ‘सर म्हणायलेत’ येऊ लागलं. सर म्हणायलेत, कोळशाची वीज फार झाली. सर म्हणायलेत, गोबरगॅसनं बायांचे डोळे वाचतील. सर म्हणायलेत, ऊन आपल्याकडं फुकट सांडायलंय. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर एका सकाळी मी दाढी करायला बसलो, तर खिळ्यावरचा आरसा नाही. आरसा अंगणात होता. सरांनी सांगितलेल्या मापाप्रमाणे तिनं एका लाकडी खोक्याला आतून काळा रंग लावला होता, वर काच बसवली होती आणि माझ्या दाढीचा आरसा तिरका लावून सूर्याला आत बोलावलं होतं. सूर्यचूल. आत तुरीची डाळ.

‘‘किती वेळ लागतो?’’

‘‘तीन तास.’’

‘‘तीन तासात तर माणूस परभणीला जाऊन जेवून येईल.’’

‘‘जा मग,’’ ती म्हणाली.

पुढचे दोन आठवडे मी स्टीलच्या डब्याच्या झाकणात बघून दाढी केली. झाकणात माणसाचं नाक फार मोठं दिसतं. त्या नाकाकडे बघत मी रोज सकाळी सरांचा विचार करायचो.

मी हलकटपणाही केला, सांगून टाकतो. हॉटेलात बसून चार लोकांत म्हणालो, सरांच्या घरी सूर्यचुलीत डाळ शिजत नाही, सरांच्या बायकोनं मागं गुपचूप स्टो ठेवलाय. ही गोष्ट मी बनवलेली होती. गाव फिरून ती आठवड्यानं सरांच्या कानावर गेली. मला वाटलं, माणूस चिडेल, भांडेल, माझा दिवस सोन्याचा होईल. तर सर फार्मावर आले आणि हसत म्हणाले, ‘‘बरोबर आहे तुमचं. ढगाळ दिवशी आम्ही स्टोच पेटवतो. लोकांना खरं सांगितलं पाहिजे.’’ आणि मग माझ्या पेटीकडे बोट दाखवून: ‘‘मला ही आतून बघायची आहे एकदा. वर्गात मुलांना सांगेन, खरं विज्ञान आपल्या गावात होतं.’’

मी म्हणालो, ‘‘परवानगी लागते.’’ कसली परवानगी! पण पेटी माझी होती. तवा गेला, आरसा गेला, आता पेटीही द्यायची?

तेवढ्यात वाचनालयाच्या चिटणिसांना कल्पना सुचली. चिटणीस पोस्टमास्तर होते, धोरणी माणूस. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. सभा म्हटली की एकाच विषयाची, आणि सभेनंतर दगड. चिटणिसांना असा विषय हवा होता, की ज्याला दोन्हीकडचे लोक येऊन एका सतरंजीवर बसतील. त्यांनी जाहीर चर्चा ठेवली. ‘पृथ्वी खरोखरच तापते आहे काय, आणि कोळशाची वीज कमी करावी काय?’ परवानगीला ठाण्यात गेले, तर फौजदारांनी अर्ज दोनदा वाचला, उलटून मागचं पानही पाहिलं.

‘‘बस, एवढंच? बर्फ?’’

‘‘एवढंच.’’

‘‘ह्याच्यात कुणाच्या भावना दुखावणार न्हाईत ना?’’

चिटणीस म्हणाले, ‘‘फार तर अस्वलाच्या.’’

आता सरांच्या बाजूनं बोलायला सर होते. विरोधात कोणी मिळेना. वीज कमी करायला आमच्याकडे होती कुठं? ती निम्मा दिवस नसायचीच, त्यामुळे कमी करण्याचं पुण्य पालमनं न मागताच पदरात पाडलेलं होतं. चिटणीस माझ्याकडे आले. मी आढेवेढे घेतले, म्हणजे साधारण अर्धा मिनिट.

रात्रभर जागून वगैरे नाही, पण चार-पाच दुपारी मी फार्माच्या ऑफिसात बसून शस्त्र शोधलं. आणि ते कपाटात होतं. हवामानाची जुनी रजिस्टरं. माझ्या आधीच्या साहेबांची आठ वर्षं आणि माझी आठ वर्षं. ते साहेब अतिशय काटेकोर माणूस. विडी नाही, पान नाही, चहासुद्धा नाही. त्यांच्या आकड्यांत एक खाडाखोड नाही. मी त्यांच्या सगळ्या मे महिन्यांची दुपारची सरासरी काढली, मग माझ्या सगळ्या मे महिन्यांची. उत्तर आलं आणि मी खुर्चीतून उठलो. परत बेरीज केली. तेच उत्तर.

माझ्या काळात पारा उतरला होता! एखाद्या वर्षी नाही, दर वर्षी. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत एक पातळी, माझ्या पहिल्या उन्हाळ्यापासून सरळ खालची पातळी. सबंध जग तापत असताना पालम थंड होत होतं, आणि त्याचा पुरावा सरकारी शाईत, माझ्या अक्षरात होता. सरांकडे पेपरातली कात्रणं. माझ्याकडे पारा.

घरी जाऊन मी बायकोला एवढंच म्हटलं, ‘‘रविवारी पुढच्या रांगेत बस.’’

‘‘काहून?’’

‘‘बस तर खरी.’’

तिनं मेथी निवडता निवडता मान हलवली.

रविवार उजाडला तो आगीसारखा. चार वाजता शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये शिरलं की भट्टीत शिरल्यासारखं वाटत होतं. पण माणसं आली. चिटणिसांचा हिशेब बरोबर ठरला. एकमेकांकडे पाठ फिरवणारी माणसं बर्फासाठी एका सतरंजीवर बसली होती. डावीकडे बाया. पुढच्याच रांगेत माझी बायको, अंबाड्यात ताजा गजरा. पुरुषांच्या पुढच्या रांगेत ते पांढऱ्या रुमालाचे म्हातारे काका, ज्यांनी तव्यावर बोट भाजून घेतलं होतं. सरांचं व्याख्यान झाल्यापासून ते स्वतःला या विषयातले जाणकार समजत.

सर आधी बोलले. अर्धा तास. मी प्रामाणिकपणे सांगतो, चांगलं बोलले. कोळसा जळतो, त्याचा वायू पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो, गोधडीतली ऊब बाहेर जात नाही. ध्रुवावरचा बर्फ विरळ व्हायला लागल्याचं शास्त्रज्ञ सांगतायत. सगळ्यांचं यावर एकमत नाही, असंही त्यांनी स्वतःहून सांगितलं. ते मला आवडलं नाही. असा प्रामाणिकपणा म्हणजे लोकांना लाच दिल्यासारखंच. मी तिरक्या नजरेनं डावीकडे पाहिलं. मूठ हनुवटीखाली होती.

मग मी उठलो. रजिस्टरं मी लाल फडक्यात पोथीसारखी बांधून आणली होती. टेबलावर ठेवली, नमस्कार केला, गाठ सावकाश सोडली. मी म्हणालो, ‘‘सरांनी आपल्याला उत्तर ध्रुवावर नेलं. फार लांबचा प्रवास झाला, आपण सगळे दमलो. आता मी आपल्याला परत पालमला आणतो.’’

हशा. पहिला माझा.

‘‘सर म्हणतात पृथ्वी तापते. कुठली पृथ्वी? पेपरातली? माझ्याकडे पेपर नाही. माझ्याकडे सोळा वर्षांचा पारा आहे. रोज दुपारी, सुट्टी नाही, सण नाही. ज्याला तुम्ही कबुतरखाना म्हणता, त्या पेटीनं सोळा वर्षं मुकाट्यानं खरं सांगितलं. ऐका.’’

आणि मी एकेक मे महिना वाचला. आधी जुन्या साहेबांचे, मग माझे. दर आकड्यानंतर थांबत होतो. मला माहीत नव्हतं माझ्यात एवढा नट आहे. पाचव्या आकड्याला लोक पुढं सरकले. आठव्याला कोणीतरी ‘‘आयला!’’ म्हणालं.

काका उठले. ‘‘म्हंजे आपल्याकडं थंड व्हायलंय म्हणता?’’

‘‘व्हायलंय काका. आठ वर्षं झाली.’’

‘‘मग मला ह्यो घाम काहून येयलाय?’’

‘‘काका, घाम वयाचा असतो. पारा वय लपवत नाही.’’

पत्रे हादरतील एवढा हशा. काका रुमालानं मान पुसत, खूश होऊन बसले. मी हात वर केला. ‘‘तेव्हा माझी नम्र सूचना अशी, की उत्तर ध्रुवावरच्या बर्फाची काळजी उत्तर ध्रुवावरच्या लोकांनी करावी. आपण सरकारला सांगू, कोळसा जाळायचा तेवढा जाळा, पण आमच्या मोटारींना वीज द्या. आणि माझा आरसा मला परत द्या.’’

टाळ्या! शिट्ट्या! ‘‘माझा आरसा’’ कुणाला कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. मी डावीकडे बघितलं नाही. मुद्दामच. ती नजर क्षणभर राखून ठेवली होती, जेवणानंतरच्या विड्यासारखी.

सर उठले. मला वाटलं आता वितंडवाद घालतील. ते टेबलाशी आले, रजिस्टरवर वाकून आकडे पाहिले, आणि लोकांकडे वळून म्हणाले, ‘‘आकडे मी बदलू शकत नाही. यांनी सोळा वर्षांचं काम समोर ठेवलंय. एका गावाचा पारा म्हणजे सबंध पृथ्वी नाही, तरी पालमपुरता मी चुकलो असेन तर चुकलो म्हणतो.’’ सरांनी झब्ब्याच्या खिशातून पेन काढलं. ‘‘हे मी वहीत लिहून ठेवणार. यांच्या नावासकट.’’

‘पृथ्वीचा ताप’ या वहीत, त्या सुबक अक्षरात, माझं नाव! मी आता डावीकडे पाहिलं.

मूठ होती. हनुवटीखाली. डोळे मोठे. आणि ते डोळे सरांवर नव्हते, माझ्यावर होते. ती एकटक माझ्याकडे बघत होती, एकेक शब्द तोलत असल्यासारखी. तिच्या मांडीवर तांदूळ नव्हते, मेथी नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती माझं ऐकत होती, सगळं, मन लावून. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी सरांना तवासुद्धा देऊन टाकला असता.

सर माझ्याकडे वळले. ‘‘फक्त एक शंका. खोड काढत नाही, शिकायला विचारतो. पारा हळूहळू उतरला नाही. तुम्ही आलात त्याच उन्हाळ्यात एकदम खाली आला, आणि मग तिथंच राहिला. त्या वर्षी फार्मावर काय नवीन झालं? झाडं लावली? तळं खोदलं?’’

‘‘काही नाही,’’ मी छाती काढून म्हणालो. ‘‘झाड तेच, माळ तोच, पेटी तीच. नवीन म्हणाल तर एकच. मी आलो!’’

हॉल पुन्हा हसला. सरही हसले. चिटणीस आभार मानायला उठत होते. मी अजून डावीकडेच बघत होतो, आणि मला दिसलं, की तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली, मग ती आठी गेली, आणि चेहरा असा उजळला की जणू तिला काहीतरी सापडलं. हनुवटीखालचा हात सुटला. तो हात अंबाड्यातल्या गजऱ्याकडे गेला. मदत करायच्या आनंदात ती उठून उभी राहिली, आणि सबंध पालमला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

‘‘अवो, असं काय करायलाव, इसरलात का? तवापासूनच न्हाई का आपण त्या पेटीत तुमच्या पानाचं ओलं फडकं ठिवायलोत, ताकाचं गाडगं, आन् ह्यो माझा गजरा!’’